गव्हर्नर एल्फिन्स्टन : राज्य गेले, शाळा राहिली



आपल्या पेणकरपाड्यातून घोडबंदर रस्त्याने ठाण्याला कामानिमित्त जाणारे पुष्कळजण आहेत. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह त्यांनी बाहेरून पाहिले असेल. हे कारागृह म्हणजे एक जुना किल्ला आहे. साष्टी बेट इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस मराठ्यांकडून घेतले, तेव्हा हा किल्लाही त्यांच्या हाती आला. आपली मिरा-भाईंदरची वस्ती याच साष्टी बेटाच्या उत्तर भागात आहे. पुढे १८१५ साली या किल्ल्यात दुसऱ्या बाजीराव पेशव्याचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला कैद करून ठेवण्यात आले आणि त्यातूनच पेशवाईच्या शेवटाला सुरुवात झाली. ज्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याला येथे डांबावयास लावले, तोच पुढे चार वर्षांनी मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला. त्याचे नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन.

आमच्या मुलांच्या शाळेच्या स्मरणिकेत एका परक्या राज्यकर्त्याचे चरित्र कशाला, असे आपणांपैकी कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हे चरित्र वाचून संपल्यावर आपले आपणच द्यावे, एवढीच विनंती.

एल्फिन्स्टनचा जन्म ६ ऑक्टोबर १७७९ रोजी स्कॉटलंडमधील एका सरदार घराण्यात झाला. तो धाकट्या मुलांपैकी असल्यामुळे वडिलांची जहागीर त्याच्या वाट्याला येणार नव्हती. अशा मुलांनी त्या काळी ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी धरावी, हा रिवाज होता. १७९६ साली, वयाची सतरा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, तो कलकत्त्यास उतरला. शाळेत असताना तो हुशार म्हणून मुळीच प्रसिद्ध नव्हता. खोडकर मुलगा अशीच त्याची ओळख होती. शाळा लवकर सुटली, पण पुस्तक सुटले नाही, हा त्याच्या आयुष्याचा खरा विशेष आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्याने फारसीचा अभ्यास केला. कंपनीचा देशी दरबारांशी चालणारा पत्रव्यवहार तेव्हा फारसीत चाले, त्यामुळे ती भाषा नोकरीसाठी हवीच होती. परंतु हा तरुण नोकरीपुरते शिकून थांबला नाही, त्याने सादी आणि हाफीज यांचे काव्यही गोडीने वाचले. पुढे छावणीत असो वा दौऱ्यावर, पहाटे उठून ग्रीक, लॅटिन किंवा फारसी वाचण्याचा त्याचा क्रम सहसा चुकला नाही.

त्याची पहिली नेमणूक बनारसकडे झाली. तेथे जानेवारी १७९९ मध्ये, अवधच्या गादीवरून दूर केलेला नवाब वझीर अली याने इंग्रज रेसिडेंट चेरी याच्यावर हल्ला करून त्याला ठार मारले. एल्फिन्स्टन घोड्यावर बसून थोडक्यात निसटला. त्या वेळी तो एकोणीस वर्षांचा होता.

१८०१ साली तो पुण्याच्या रेसिडेन्सीत मदतनीस म्हणून आला आणि त्याचा महाराष्ट्राशी संबंध जडला. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात तो आर्थर वेलस्ली या सेनापतीच्या बरोबर होता. असई आणि अडगाव या लढाया व गाविलगडचा वेढा त्याने जवळून पाहिले. त्याचे धैर्य पाहून वेलस्लीला वाटले, की या माणसाने मुलकी नोकरी न धरता शिपाईच व्हावयास हवे होते. युद्धानंतर तो नागपूरला भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट झाला. १८०८ मध्ये त्याला काबूलच्या दरबारी वकील म्हणून धाडण्यात आले. १८०९ साली पेशावर येथे शाह शुजा याच्याशी त्याची भेट झाली. त्या प्रवासात अफगाण लोकांची माहिती त्याने इतक्या चिकाटीने जमविली, की १८१५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा काबूलच्या राज्यावरील ग्रंथ पुढे कितीतरी वर्षे प्रमाण मानला गेला.

१८११ मध्ये तो पुण्याचा रेसिडेंट झाला. येथून त्याच्या राजकीय कारकिर्दीचा कठोर भाग सुरू होतो आणि तो आपण डोळसपणे वाचला पाहिजे. बडोद्याच्या गायकवाडांचा पेशव्यांशी पैशाचा जुना हिशेब होता. तो मिटविण्यासाठी गंगाधरशास्त्री पटवर्धन हे इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. संशय त्रिंबकजी डेंगळ्यावर होता. एल्फिन्स्टनने त्याला ताब्यात देण्यास बाजीरावाला भाग पाडले आणि ठाण्याच्या किल्ल्यात त्याच्यावर गोऱ्या शिपायांचा पहारा बसविला. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी तेथून निसटला. किल्ल्यात कामाला असलेला एक मराठा मोतद्दार घोड्याला खरारा करता करता मराठी गाणी म्हणे आणि त्या गाण्यांतून पळून जाण्याची खूण सांगे, अशी कथा तेव्हापासून सांगितली जाते. पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना मराठी कळत नव्हते. भाषा न समजल्यामुळे राज्यकर्त्याची कशी फसगत होते, हे त्या कथेत सुरेख आले आहे.

या प्रकरणाचा उपयोग करून एल्फिन्स्टनने जून १८१७ मध्ये बाजीरावाकडून पुण्याचा तह करून घेतला. त्या तहाने पेशव्याच्या हातातील बरीच सत्ता गेली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. कंपनीची फौज तीन हजारांच्या आत, तर पेशव्यांची तिच्या कितीतरी पट. तरीही निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला. त्याच दिवशी संगमावरील रेसिडेन्सी जाळण्यात आली आणि एल्फिन्स्टनने वर्षानुवर्षे जमविलेली पुस्तके व टिपणे राख झाली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. जून १८१८ मध्ये बाजीराव शरण आला आणि सालीना आठ लाख रुपयांच्या नेमणुकीवर ब्रह्मावर्तास गेला.

जिंकलेल्या मुलुखाचा कमिशनर म्हणून सारा अधिकार आता एल्फिन्स्टनच्या हाती आला. फेब्रुवारी १८१८ मध्ये साताऱ्यास काढलेल्या जाहीरनाम्यात वतने, इनामे व वर्षासने चालू राहतील, सर्व धर्मांच्या संस्थांना संरक्षण मिळेल आणि कोणाच्याही धर्मात हात घातला जाणार नाही, असे अभिवचन त्याने दिले. छत्रपती प्रतापसिंह यांना साताऱ्याचे छोटे राज्य देण्यात आले. गावचा पाटील, कुलकर्णी, पंचायत हे शक्य तितके कायम ठेवावे, मोडतोड करण्यापूर्वी जुने समजून घ्यावे, हे त्याचे धोरण होते. १८१९ साली त्याने या मुलुखाविषयी सविस्तर अहवाल लिहिला. आजही मराठी मुलुखाच्या इतिहासाचे अभ्यासक तो वाचतात.

परंतु याच माणसाने नव्या राज्याविरुद्ध कट करणाऱ्यांच्या म्होरक्यांना तोफेच्या तोंडी दिले, हेही विसरता येत नाही. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर नेपियन यांनी त्याला या कृत्याबद्दल कायद्याचे अभय मिळवून घेण्याचा सल्ला दिला. एल्फिन्स्टनने तो नाकारला. आपण चुकलो असू तर शिक्षा व्हावी आणि चुकलो नसू तर अभयाची गरज नाही, असे त्याचे म्हणणे होते. या उत्तरात बाणेदारपणा आहे खरा, पण तोफेपुढे उभ्या केलेल्यांना त्याचा काय उपयोग? सत्ता कितीही सभ्य असली, तरी पाया रचताना तिने रक्त सांडलेले असते, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी इतिहास वाचताना ध्यानी ठेवावी.

१ नोव्हेंबर १८१९ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १८२७ च्या नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे आठ वर्षे, त्या पदावर राहिला. या आठ वर्षांतील दोन कामे मोठी आहेत. एक कायद्याचे आणि दुसरे शिक्षणाचे.

त्याच्यापूर्वी मुंबई सरकारचे नियम वेळोवेळी निघालेले, विखुरलेले आणि एकमेकांना छेद देणारे होते. ते तपासून, गाळून, १८२७ साली सत्तावीस रेग्युलेशनांचा एक संग्रह तयार करण्यात आला. तो एल्फिन्स्टन कोड या नावाने ओळखला जातो. गुन्ह्यांसाठी त्यात सर्वांना लागू होणारा एकच लेखी कायदा होता. संपूर्ण देशासाठी भारतीय दंडविधान १८६० साली झाले, त्याच्या तेहतीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. दिवाणी दाव्यांत मात्र त्या प्रदेशातील रूढी पाहावी, रूढी नसेल तर प्रतिवादीचा स्वतःचा कायदा पाहावा आणि तोही नसेल तर न्यायबुद्धीने निकाल द्यावा, असा क्रम ठरविण्यात आला. म्हणजे मुसलमान प्रतिवादीला त्याचा शरियतचा कायदा आणि हिंदूला त्याचे धर्मशास्त्र. पण स्थानिक रूढी सिद्ध झाली तर आधी ती. वारसाहक्काचे कितीतरी जुने दावे याच क्रमाने चालले. ज्या घरांत आजोबा-पणजोबांच्या काळची दाव्यांची कागदपत्रे असतील, त्यांना हे सांगावयास नको.

आता शिक्षणाकडे वळू. आपल्या दृष्टीने या चरित्राचे सार यातच आहे.

त्या काळी गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या आणि मशिदींतून मकतब चालत. परंतु छापील पाठ्यपुस्तक असे जवळजवळ नव्हतेच. एल्फिन्स्टनने १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. तिच्यासाठी पेशव्यांच्या दक्षिणा निधीतील पैसा वापरण्यात आला. मुंबईत १८२२ मध्ये देशी शाळा व शालेय पुस्तके यांसाठी एक सोसायटी स्थापन झाली. पुढे १८२७ पासून तिचे नाव बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी असे झाले. तिचा अध्यक्ष स्वतः गव्हर्नर होता. मराठी व गुजराती पुस्तके लिहवून घेणे, ती छापणे आणि शिक्षक तयार करून जिल्ह्यांत पाठविणे हे तिचे काम. कॅप्टन मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली बाहेर पडला, त्याचीही जुळवाजुळव याच काळातील आहे.

१८२४ च्या सुमारास एल्फिन्स्टनने शिक्षणावर एक विस्तृत टिपण लिहिले. देशी शाळांतील शिकविण्याची पद्धत सुधारावी, शाळांची संख्या वाढवावी, पुस्तके पुरवावीत, गरिबांच्या मुलांना शाळेकडे वळवावे, नवे शास्त्रीय ज्ञान देशी भाषांत आणावे आणि ज्यांना इच्छा आहे त्यांच्यासाठी इंग्रजीचीही सोय करावी, असे त्याचे मुद्दे होते. त्याच्याच कौन्सिलातील वॉर्डन या सभासदाने त्याला विरोध केला. सरकारने थोड्यांना उत्तम इंग्रजी शिकवावे, बाकीचे ओघाने होईल, असा वॉर्डनचा कल होता. मातृभाषा की इंग्रजी, थोड्यांना उत्तम की सर्वांना पुरेसे, हा वाद दोनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या कौन्सिलात झालेला आहे आणि दरवर्षी जून महिना आला, की आपल्या प्रत्येक घरात तो पुन्हा होतो.

त्या काळची एक आठवण सांगण्याजोगी आहे. छावणीतील त्याच्या तंबूच्या कोपऱ्यात मराठी छापील पुस्तकांचा ढीग पाहून ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याने विचारले, की ही कशासाठी? एल्फिन्स्टनने सांगितले, की लोकांना शिकविण्यासाठी. आणि हीच आपली मायदेशी परतण्याची वाट आहे. लोक शिकले की परके राज्य टिकणार नाही, हे त्याला दिसत होते. दिसत असूनही त्याने शाळा काढल्या. शिकलेल्या प्रजेकडून राज्य गमावणे हे अडाणी प्रजेवर जुलूम करून ते टिकविण्यापेक्षा बरे, अशी त्याची धारणा होती.

तथापि त्याच्या दृष्टीलाही मर्यादा होत्या. खालच्या मानलेल्या जातींची मुले शाळेत चांगली चमकतात, हे त्याला माहीत होते. परंतु नवे शिक्षण आधी त्यांच्यात रुजले, तर वरचे वर्ग त्याकडे पाठ फिरवतील, या भीतीने त्याने तेथे हात आखडता घेतला. त्याची भीती व्यवहारी असेल, पण तिची किंमत कोणी मोजली? ज्यांना शाळेची सर्वांत अधिक गरज होती, त्यांनी. ही चूक दुरुस्त करण्याचे काम पुढे याच मातीतील माणसांनी केले. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, आणि १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी सरकारला स्पष्ट शब्दांत विचारले, की रयतेच्या कराचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावरच का खर्च होतो?

आता आपल्या समाजाविषयी. या शिक्षणाच्या चळवळीत मुसलमान अगदीच नव्हते, असे नाही. मुंबईचे कोकणी मुसलमान विद्वान मुन्शी मुहम्मद इब्राहीम मकबा हे इंग्रज अधिकाऱ्यांना हिंदुस्थानी शिकवीत. १८२३ मध्ये त्यांचे हिंदुस्थानी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले. त्याचे नावच तुहफा-ए-एल्फिन्स्टन असे होते. एज्युकेशन सोसायटीच्या कामात त्यांचा भाग होता आणि १८४० साली मुंबईत बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमले गेले, तेव्हा जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्यांच्या शेजारी मकबासाहेबही सभासद म्हणून बसले.

पण एक सभासद म्हणजे सबंध समाज नव्हे. कंपनीच्या राजकारणातून फारसीचे महत्त्व ओसरत गेले, नव्या शाळांत मराठी, गुजराती आणि इंग्रजी आली. आपल्या घरांतून मुलांना दीनी तालीम मिळत राहिली, परंतु नव्या शाळेविषयी संशय होता, गरिबी होती, आणि ही शाळा आपली नव्हे, अशी भावना होती. दार उघडे होते. आत जाणारे मात्र मोजके होते. यात सारा दोष आपलाच होता, असे म्हणणे अन्याय होईल, कारण सर्वांना सोयीच्या होतील अशा शाळा सरकारनेही उभारल्या नाहीत. परंतु परिणाम आपल्याच मुलांना भोगावे लागले.

१८२७ मध्ये एल्फिन्स्टन मुंबई सोडून निघाला, तेव्हा इथल्या लोकांनी त्याच्या स्मरणार्थ वर्गणी केली. दोन लाख रुपयांहून अधिक रक्कम जमली. लोकांनी ठरविले, की ती अध्यापकांच्या वेतनासाठी आणि शिक्षणासाठी खर्च करावी. त्यातूनच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन आणि पुढे १८५६ मध्ये स्वतंत्र झालेले एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले. बाळशास्त्री जांभेकर तेथे शिकवीत. दादाभाई नौरोजी तेथे शिकले आणि तेथेच प्राध्यापक झाले. न्यायमूर्ती रानडे तेथलेच. आणि याच संस्थेत एक मुसलमान मुलगा शिकला, त्याचे नाव बद्रुद्दीन तय्यबजी. १८६० मध्ये तो पुढील शिक्षणासाठी विलायतेस गेला आणि १८६७ मध्ये मुंबई हायकोर्टातील पहिला हिंदी बॅरिस्टर झाला. १८७४ मध्ये त्यांनी, त्यांचे बंधू कमरुद्दीन तय्यबजी आणि कोकणी मुसलमान समाजाचे नाखुदा मोहम्मद अली रोगे यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. १८८७ साली मद्रासला भरलेल्या काँग्रेसचे अध्यक्षपद तय्यबजींनी भूषविले आणि १८९५ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. आपल्या संस्थेसारख्या आज गावोगावी उभ्या असलेल्या संस्था याच वाटेने आलेल्या आहेत.

एल्फिन्स्टनचे पुढे काय झाले? तो विलायतेस परतला. गव्हर्नर जनरलचे पद त्याच्याकडे दोनदा चालून आले. प्रकृतीच्या कारणाने त्याने ते दोन्ही वेळा नाकारले. ज्या पदासाठी माणसे जन्मभर झुरतात ते सोडून तो आपल्या पुस्तकांत रमला. १८४१ मध्ये त्याने हिंदुस्थानचा इतिहास दोन खंडांत प्रसिद्ध केला. त्यात हिंदू आणि मुसलमान राजवटींची हकीकत आहे. जेम्स मिलने हिंदुस्थानात पाऊल न ठेवता इथल्या लोकांना नावे ठेवणारा इतिहास लिहिला होता. एल्फिन्स्टनने मात्र तीस वर्षे येथे राहून, फारसी आधार पाहून, अधिक समतोल बुद्धीने लिहिले. २० नोव्हेंबर १८५९ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यात त्याचे निधन झाले. त्याने लग्न केले नव्हते.

येथे एक घोटाळा दूर करणे अगत्याचे आहे. मुंबईच्या ज्या उपनगरी स्टेशनला एल्फिन्स्टन रोड म्हणत आणि ज्याचे नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झाले, ते या गव्हर्नरचे नव्हे. ते त्याच्या पुतण्याचे, १८५३ ते १८६० या काळात गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टनचे. काकाचे नाव कॉलेजाला राहिले आणि पुतण्याचे स्टेशनाला. स्टेशनाचे बदलले, कॉलेजाचे टिकून आहे.

वाचकहो, पेशव्यांचे राज्य गेले, ते घेणाऱ्या कंपनीचे गेले आणि कंपनीमागून आलेले राणीचे राज्यही गेले. कोडाची जागा नव्या कायद्यांनी घेतली. त्रिंबकजीच्या पहाऱ्यावरचे गोरे शिपाई केव्हाच मातीत मिळाले. शिल्लक राहिली ती शाळा, आणि तीसुद्धा एकट्या गव्हर्नरची नव्हे. सरकारने सुरुवात केली असेल, पण ती टिकली लोकांच्या वर्गणीने आणि आपल्या मुलांना तिच्यात धाडणाऱ्या आईबापांच्या हिमतीने. तय्यबजींच्या वडिलांनी मुलाला त्या दारातून आत पाठविले नसते, तर ते दार आपल्यासाठी भिंतच राहिले असते.

म्हणून पालकांना हात जोडून एवढेच सांगणे आहे. प्रवेश घेऊन फी भरली, की आपले काम संपले, असे मानू नका. आठवी-नववीत मुलगा कमाईच्या मागे लागतो आणि मुलगी घरात बसविली जाते, तेव्हा ते दार पुन्हा लागते. आणि या खेपेस ते लावणारा कोणी परका गव्हर्नर नसतो. शिक्षकांना येऊन भेटा, मुलांची वही उघडून पाहा, स्वतःला वाचता येत नसेल तर त्यांना मोठ्याने वाचावयास सांगून ऐका.

आणि विद्यार्थी मित्रांनो, इतिहासातील राज्यकर्त्यांची भक्ती करू नका आणि त्यांचा नुसता द्वेषही करू नका. त्यांनी काय केले, कोणासाठी केले आणि कोणाला वगळले, हे तपासा. ज्याची पुस्तके एका दिवसात जळाली, तो पुन्हा वाचावयास बसला आणि ग्रंथ लिहून गेला. तेवढे त्याच्याकडून जरूर घ्या. बाकी, ज्यांना त्याने वगळले त्यांच्यापर्यंत शाळा पोहोचविण्याचे काम अजून पुरे झालेले नाही, आणि ते तुमचे आहे.